शिरेबाहेर सांडलेले औषध

रुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात पाऊल टाकले की पहिल्याने नजरेस पडते ती उलटी टांगलेली बाटली आणि तिच्यातून थेंबाथेंबाने उतरणारा द्रव. आपल्या देशात या दृश्याविषयी लोकांच्या मनात एक प्रकारची श्रद्धाच निर्माण झाली आहे. रुग्णाला 'सलाईन लावले' असे कळले की बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आता काहीतरी उपचार सुरू झाला, आता औषध थेट रक्तात चालले, असे त्यांना वाटते. ही समजूत बव्हंशी बरोबरही असते. परंतु बाटलीतील औषध आणि रुग्णाचे रक्त यांच्यामध्ये दोनच गोष्टी असतात : एक बारीक नळी, आणि ती नळी जिच्यात शिरली आहे त्या शिरेची कागदासारखी पातळ भिंत. या दोहोंपैकी कोणत्याही एकीने दगा दिला, की औषध रक्तात न जाता भोवतालच्या मांसात पाझरू लागते. प्रौढ रुग्णांमध्ये या पाझरण्याने होणारी इजा हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय लहान आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. एवढे मोठे आजार, एवढ्या मोठ्या शस्त्रक्रिया, आणि त्यांच्यापुढे हातावरच्या एका सुईची काय मातब्बरी? पण न्युमोनियातून वाचलेला माणूस हाताची बोटे कायमची आखडून घरी जातो, कर्करोगावरील उपचार यशस्वी होत असताना मनगटावर महिनोन्महिने न भरणारी जखम राहते, तेव्हा या विषयाचे खरे वजन ध्यानात येते. जो मनुष्य हातांवर पोट भरतो त्याच्या दृष्टीने बरे होणे म्हणजे केवळ जिवंत राहणे नव्हे.

शिरेतून औषध देण्याची कल्पना जुनी आहे. विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला आणि शरीरात रक्त सतत फिरत असते हे दाखवून दिले. मग या फिरत्या प्रवाहात एखादा पदार्थ सोडला तर तो सर्वत्र पोहोचेल, हा विचार सुचणे स्वाभाविकच होते. १६५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर रेन याने कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडण्याचे प्रयोग केले. १८३२ साली पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील टॉमस लॅटा या डॉक्टरने मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले आणि त्यांपैकी काहींना मृत्यूच्या दारातून परत आणले. हे कार्य पुढे कित्येक वर्षे विस्मरणात गेले. भारतात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्याच्या रुग्णालयात पटकीवर शिरेतून क्षारद्रव देण्याची पद्धत रूढ केली आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण बरेच उतरले.

त्याच कलकत्त्यात या पद्धतीची दुसरी बाजूही वैद्यकाला शिकावी लागली. काळा आजार हा बंगाल, आसाम आणि बिहार या प्रदेशांत गावेच्या गावे ओस पाडणारा रोग. १९१५ पासून त्यावर अँटिमनीचे एक संयुग, टार्टर एमेटिक, शिरेतून दिले जाऊ लागले. औषध गुणकारी होते, पण शिरेबाहेर थोडे जरी गेले तरी तेथील मांसात तीव्र दाह होई. पुढे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागी, अतिशय तुटपुंज्या साधनांनिशी युरिया स्टिबामाइन हे अधिक परिणामकारक आणि कमी विषारी औषध तयार केले. त्याने असंख्य लोकांचे प्राण वाचले. एकच औषध शिरेच्या आत अमृत आणि शिरेच्या बाहेर विष ठरू शकते, हा धडा मात्र टार्टर एमेटिकच्या काळापासूनच वैद्यकाच्या पदरी पडलेला आहे.

त्या काळी सुई धातूची असे. हात जरा हलला की तिचे टोक शिरेच्या भिंतीतून आरपार जाई. १९५० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डेव्हिड मासा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईवर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. सुई काढून घ्यायची आणि मऊ नळी शिरेत ठेवायची, ही आजची पद्धत तेथून रूढ होत गेली. रुग्णाला हात हलवण्याची मोकळीक मिळाली. परंतु या सोयीबरोबर एक निष्काळजीपणाही आला. एकदा बसवलेली नळी बसलेलीच आहे असे सर्वजण गृहीत धरू लागले.

वस्तुस्थिती तशी नसते. शिरेत वावरणारी नळी हा शरीराच्या दृष्टीने एक परका पदार्थ आहे. तिच्या टोकाचे घर्षण शिरेच्या आतील अस्तराला होत राहते. अस्तर सुजते, शीर आकुंचन पावते, पुढचा मार्ग अरुंद होतो, आणि आलेला द्रव नळी जेथून आत गेली त्याच छिद्रातून मागे पाझरू लागतो. कधी नळी सांध्यावर, मनगटावर किंवा कोपराच्या खोबणीत बसवलेली असते, आणि प्रत्येक हालचालीबरोबर तिचे टोक भिंतीला टोचत राहते. वृद्ध माणसांच्या शिरा दोरीसारख्या वर दिसतात, पण त्यांच्या भिंती ठिसूळ झालेल्या असतात आणि त्यांना धरून ठेवणारी त्वचा सैल पडलेली असते. दीर्घकाळ औषधे घेतलेल्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये चांगली शीर सापडणेच दुरापास्त होते. एकाच शिरेवर चार वेळा प्रयत्न झाले असतील, तर वरच्या छिद्रातून घातलेले औषध खालच्या छिद्रातून बाहेर येऊ शकते. म्हणूनच शक्य तेथे कोपर आणि मनगट यांमधल्या सपाट भागातील शीर निवडावी, आणि शिरेच्या मानाने नळी बारीक असावी, म्हणजे तिच्या भोवतीने रक्त वाहत राहते, असा संकेत आहे.

बाहेर आलेला प्रत्येक द्रव सारखा घातक नसतो. रक्तातील द्रवाशी मिळताजुळता असलेला साधा क्षारद्रव किंवा पाच टक्के ग्लुकोज थोड्या प्रमाणात बाहेर गेले तर सूज येते, हात ताठरतो, आणि काही तासांत किंवा दिवसांत शरीर ते पाणी शोषून घेते. परंतु काही औषधांची गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रत्येकाची निराळ्या कारणाने वेगळी आहे.

पहिले कारण तर्षणाचे, म्हणजे दाट द्रवाने भोवतालचे पाणी ओढून घेण्याचे. रक्तद्रवाची तर्षणता एका विशिष्ट मापाने सुमारे २९० भरते. पन्नास टक्के ग्लुकोजची त्याच मापाने अडीच हजारांच्या आसपास जाते. साखर एकाएकी उतरून बेशुद्ध पडलेल्या मधुमेही माणसाला हेच ग्लुकोज क्षणार्धात शुद्धीवर आणते. पण ते मांसात सांडले तर कोशिकांतील पाणी ओढून घेऊन त्यांना मारते. दुसरे कारण आम्ल-अल्कतेचे. अपस्मारावरील फेनिटॉइन आणि भूल देण्याचे थायोपेंटोन ही औषधे तीव्र अल्कधर्मी असल्याशिवाय द्रवात विरघळलेली राहत नाहीत. फेनिटॉइननंतर काही रुग्णांचा पंजा सुजून काळानिळा पडतो. वैद्यकात त्याला 'जांभळा हातमोजा' असेच नाव पडले आहे. तिसरे कारण रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला देण्यात येणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आवळून दाब सावरते. तेच एका जागी साचले तर त्या जागेचा रक्तपुरवठाच बंद होतो. त्वचा प्रथम पांढुरकी व थंड पडते आणि नंतर काळी. कॅल्शियम व पोटॅशियम यांचे क्षारही, त्यांची दाटी जास्त असल्यास, असाच अनर्थ घडवतात.

चौथे कारण सर्वांत कपटी आहे. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनसारखी लाल रंगाची औषधे कोशिकेच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याला चिकटतात. कोशिका मरते, पण औषध मरत नाही. ते मेलेल्या कोशिकेतून सुटून शेजारच्या कोशिकेत शिरते. त्यामुळे पहिल्या दिवशी नुसता लालसरपणा दिसलेल्या जागी आठवड्यांनंतर खोल व्रण पडतो आणि तो आतील कंडरांपर्यंत पोहोचू शकतो.

यांखेरीज प्रमाणाचाही एक धोका आहे. हाताचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. निरुपद्रवी क्षारद्रवसुद्धा मोठ्या प्रमाणात आत साचला, तर कप्प्यातील दाब वाढून स्नायू आणि तंत्रिका यांचा रक्तपुरवठा गुदमरतो. अशा वेळी मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे ही मोठी चूक होय. कारण मोठ्या रोहिणीतील प्रवाह चालू असतानाही आतील सूक्ष्म वाहिन्या बंद पडलेल्या असू शकतात. बोटे ताणली असता होणारी असह्य वेदना हे अधिक विश्वसनीय लक्षण आहे. कप्पा शस्त्राने उघडण्यास काही तासांहून अधिक उशीर झाला तर स्नायू परत मिळत नाहीत.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयाचे. ही इजा ओळखतो कोण आणि केव्हा?

रात्रीची वेळ. मोठ्या कक्षात चाळीस खाटा आणि दोन परिचारिका. एक वयस्क शेतमजूर तापाने पडलेला आहे. त्याच्या हातात नळी आहे आणि तिच्यातून औषध चालू आहे. तो हळूच म्हणतो, "बाई, हात जळतोय." उत्तर येते, "औषध जोराचं आहे बाबा, थोडं जळणारच. हात हलवू नका." उत्तर देणारी निर्दय नाही. काही औषधे शिरेच्या आतही जळजळ करतात हे तिने पाहिले आहे, आणि अजून अडतीस खाटा तिची वाट पाहत आहेत. म्हातारा गप्प बसतो. मोठ्या माणसांनी सहन करायचे असते, डॉक्टरांना त्रास द्यायचा नसतो, अशी त्याची शिकवण आहे. पहाटे मुलगा चहा घेऊन येतो तेव्हा हात कोपरापर्यंत सुजलेला असतो आणि बाटली रिकामी झालेली असते.

हे चित्र कोणा एका रुग्णालयाचे नाही. जेथे माणसे थोडी आणि खाटा फार, तेथे ते कोठेही घडू शकते. त्यात नळी निसटली ही चूक कोणाचीच नव्हती. चूक झाली ती 'जळतोय' हा शब्द ऐकल्यानंतरच्या क्षणी. तो शब्द तक्रार नव्हता, ते लक्षण होते. जागेवरील वेदना ही ताप किंवा नाडीइतकीच नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे, आणि ती मोजण्याचे यंत्र रुग्णाजवळच असते.

यंत्रांचाही येथे भरवसा धरता येत नाही. ठरावीक गतीने औषध सोडणारा पंप नळी तुंबली तर घंटा वाजवतो; पण सैल मांसात द्रव सहज पसरत असेल तर त्याला अडथळाच जाणवत नाही आणि तो इमानेइतबारे औषध मांसात भरत राहतो. नळीतून रक्त मागे येते म्हणजे सर्व ठीक आहे, हाही समज अपुरा आहे. टोकाचा काही भाग शिरेत आणि काही बाहेर असला तरी रक्त येऊ शकते.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांची गोष्ट याहून अवघड. भूल दिलेले, बेशुद्ध, अर्धांगाने हाताची संवेदना गेलेले, मधुमेहाने तंत्रिका बधिर झालेले, वेदनाशामकांच्या गुंगीत असलेले, भाषा न समजणाऱ्या परप्रांतीय रुग्णालयात पडलेले, अशा प्रौढांच्या वतीने कोणीतरी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. नळीवरील पट्टी पारदर्शक असावी आणि हात पांघरुणाखाली झाकलेला नसावा, या सूचनांचा अर्थ तोच. पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ग्रंथांतून 'त्वचा लाल होते' असे लिहिलेले असते. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ही लाली सहसा दिसत नाही. तेथे त्वचेची चमक, ताठरपणा, हाताला लागणारा थंडपणा, आणि दोन्ही हात शेजारी ठेवले असता दिसणारा फरक हीच खरी खूण. अंगठी किंवा बांगडी एकाएकी घट्ट होणे हेही लक्षणच आहे.

भारतीय रुग्णालयांची एक उणीव येथे उपयोगी पडू शकते. आपल्याकडे रुग्णाजवळ बहुधा कोणीतरी आप्त बसलेला असतो. त्याला एरवी गर्दी म्हणून बाहेर काढले जाते. त्याच आप्ताला "या जागी सूज दिसली, हात जळतो असे ते म्हणाले, किंवा थेंब मंदावले, तर ताबडतोब सांगा, चाक फिरवून थेंब वाढवू नका" एवढी दोन वाक्ये सांगितली, तर कक्षाला एक जागता पहारेकरी फुकट मिळतो.

शंका आली की करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम औषध थांबवावे. नळी घाईने उपटून काढू नये, कारण तिच्यातूनच पिचकारीने शक्य तितके औषध परत ओढून घेता येते. ती पाण्याने धुऊ नये. तसे केल्यास औषध अधिक आत ढकलले जाते. सुजेची कड लेखणीने आखून वेळ लिहावी, म्हणजे पुढच्या तासाला ती वाढली की नाही हे स्मरणावर सोपवावे लागत नाही. हात उंच ठेवावा आणि डॉक्टरांना बोलवावे. कोणते औषध, किती, आणि किती वाजता, हे त्यांना कळले पाहिजे, कारण पुढील उपचार त्यावर ठरतो.

येथे सरधोपट नियम चालत नाही. डॉक्सोरुबिसिनसाठी थंड शेक द्यावयाचा, तर विन्क्रिस्टीनसाठी गरम. नॉरअ‍ॅड्रेनालिनवर थंड शेक दिला तर आधीच आवळलेल्या वाहिन्या आणखी आवळतात. तेथे फेंटोलामाइन हे वाहिन्या सैल करणारे औषध बारा तासांच्या आत, आणि शक्य तितके लवकर, त्या जागी टोचावे लागते. हायल्युरोनिडेज नावाचे विकर ऊतकांमधील लुकण सैल करून साचलेले औषध पसरू देते आणि त्याची दाटी कमी करते. विन्क्रिस्टीन आणि दाट ग्लुकोज यांच्या बाबतीत ते उपयोगी पडते. आपल्याकडील नेत्रशल्यचिकित्सक डोळ्याला बधिरता आणताना ते नित्य वापरतात. म्हणजे जी कुपी संकटकाळी कक्षात सापडत नाही ती त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असू शकते. डॉक्सोरुबिसिनच्या गळतीवर डेक्सराझोक्सेन हे औषध सहा तासांच्या आत सुरू करावयाचे असते. १९९३ साली इंग्लंडमधील शल्यचिकित्सक गॉल्ट यांनी ९६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्वचेला लहान छिद्रे पाडून क्षारद्रवाने आतील औषध धुऊन काढलेले जे रुग्ण लवकर आले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांचे मांस वाचले. वेगवेगळ्या उपायांच्या या यादीत समान असे एकच तत्त्व आहे, आणि ते म्हणजे वेळ. कक्षात सहज मिळणारी मॅगसल्फची पट्टी साध्या सुजेला आराम देईल; पण ती बांधली म्हणजे उपचार झाला असे समजून रात्र घालवणे घातक ठरते.

या प्रश्नाची दखल न्यायालयांनीही घेतली आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात २००० साली व्यवसायाने संगीतकार असलेली एक स्त्री डोकेदुखी आणि मळमळ यांसाठी उपचारास गेली. तिला प्रोमेथाझिन हे औषध शिरेतून टोचण्यात आले. सुई थेट रोहिणीत गेल्यामुळे असो, किंवा औषध शिरेबाहेर पाझरून रोहिणीतील रक्ताशी संपर्कात आल्यामुळे असो, तिच्या हाताला कोथ झाला आणि तो कोपराखाली कापावा लागला. वाद्य वाजवणे संपले. औषधाच्या वेष्टणावरील इशारा पुरेसा नव्हता हा तिचा दावा २००९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवला, आणि त्याच वर्षी तेथील औषध प्रशासनाने त्या औषधावर ठळक चौकटीतील इशारा छापणे आवश्यक केले. मळमळीसारख्या किरकोळ दुखण्यासाठी तेच औषध इतर मार्गांनी देता आले असते, ही गोष्ट या प्रकरणात विशेष बोचणारी आहे. म्हणून नळी बसवण्यापूर्वीचा पहिला प्रश्न हाच असावा : हे औषध शिरेतूनच देणे खरोखर आवश्यक आहे काय? अशक्तपणा घालवण्यासाठी ग्लुकोजची बाटली मागून घेणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रश्न स्वतःलाही विचारण्याजोगा आहे.

दोष कोणाचा हे शोधण्यात फारसा लाभ नाही. सर्व काळजी घेऊनही काही नळ्या निसटतील आणि काही शिरा फुटतील. ज्या कक्षात गळती कळवणाऱ्या परिचारिकेला बोलणी खावी लागतात, तेथे पुढची गळती लपवली जाते आणि तिची किंमत रुग्ण देतो. ज्या कक्षात ती निःसंकोचपणे सांगता येते, तेथे हात वाचतो.

गळती आणि इजा या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये काही मिनिटांचे, कधी काही तासांचे अंतर असते. ते अंतर कशाने भरले जाते यावर त्या म्हाताऱ्या शेतमजुराचा हात पुन्हा विळा धरणार की नाही हे ठरते. त्याला फार काही नको होते. "हात जळतोय" असे तो म्हणाला तेव्हा कोणीतरी चाक बंद करून दिवा जवळ आणावा आणि त्याचे दोन्ही हात शेजारी ठेवून पाहावेत, एवढेच पुरेसे होते.